हजेरी कोणी घ्यायची?

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षा झालीच नव्हती. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांचे २० असे शंभर गुण जुळवून शाळांनी निकाल तयार केले. त्या मुलांच्या दहावीचा बराचसा काळ फोनसमोर गेला होता. कोणी बघत नसताना त्यांच्यातली किती मुलं आपणहून पुस्तक उघडून बसली, का बसली आणि जी बसली नाहीत त्यांचं घोडं नेमकं कुठे अडलं, हे त्या निकालातून कळायला मार्ग नव्हता.

शाळा पुन्हा भरल्या, पण फोनवरचा अभ्यास काही गेला नाही. आठवी-नववीपासून ‘फाउंडेशन’च्या ऑनलाइन बॅचेस आहेत, यूट्यूबवर प्रत्येक धड्याचं लेक्चर आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. त्यामुळे २०२० साली नाइलाजाने पडलेला प्रश्न आज घराघरांत रोजचा झालाय: चौदा-पंधरा वर्षांचं मूल स्वतःचा अभ्यास स्वतः चालवू शकतं का?

या प्रश्नाच्या दोन टोकांना उभी असलेली दोन माणसं इथे बोलतात. एक मावशी, फलटणच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली. दुसरा तिचा भाचा, पुण्यात ऑनलाइन क्लाससाठी विज्ञानाचे पाठ तयार करणारा. दोघंही या लेखापुरती रचलेली आहेत. ती ज्यांचा आधार घेतात ते आकडे आणि प्रयोग मात्र खरे आहेत.

सुरुवात भाच्याने केली. “मावशी, वर्गात मुलं समोर दिसतात म्हणून ती शिकतायत असं तुम्ही धरून चालता. तास संपेपर्यंत बाकावर बसणं म्हणजे शिकणं नव्हे. साठ मुलांत प्रकाशाचं अपवर्तन ज्याला कळलं नाही, तो हात वर करत नाही. माझा पाठ तो थांबवून, मागे नेऊन पाच वेळा बघू शकतो. कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही. आपल्या गतीने शिकायचं स्वातंत्र्य शाळेने त्याला कधी दिलं होतं?”

“नव्हतं दिलं,” मावशी म्हणाली. “माझ्याच वर्गात अशी मुलं होती. त्रिकोणमिती सुरू झाली की शेवटच्या दोन रांगा वहीत डोकं घालून बसायच्या आणि मला कळायचं की यांचं गाडं मागेच कुठेतरी रुतलंय. तुझा पाठ त्यांच्या उपयोगाचा आहे. फक्त एवढं सांग, पहिला पाठ बघणाऱ्यांतले शेवटच्या पाठापर्यंत किती जण येतात?”

भाच्याने लपवाछपवी केली नाही. पहिल्या आठवड्यात गर्दी, घटक चाचणीपर्यंत निम्मीशिम्मी, मग ओहोटी, असं तो म्हणाला. ही गत एकट्या पुण्याची नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून चालवलेल्या एडेक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि नोंदणी करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी तो एकदाही उघडला नव्हता. भाच्याचं म्हणणं, ही तुलना अन्यायाची आहे. तिथे नोंदणी फुकट, बहुतेक जण प्रौढ, काही जण नुसते डोकावायला आलेले. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत पुरं करणारे कितीतरी जास्त होते. त्याचा हा आक्षेप रास्त आहे.

मग मावशीने शाळकरी मुलांचंच उदाहरण काढलं. अमेरिकेत काही सरकारी खर्चाच्या शाळा पूर्णपणे ऑनलाइन चालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये त्यांतल्या मुलांची तुलना नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांशी केली. ऑनलाइन शाळेतली मुलं वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती. गणितात ती १८० दिवस मागे होती, आणि तिथलं शैक्षणिक वर्षच १८० दिवसांचं मानलं जातं. म्हणजे वर्षभर गणिताचा तास झालाच नाही म्हणा. अशी शाळा निवडणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात, त्यामुळे सगळा दोष पडद्याच्या माथी मारता येत नाही. पण त्याच वेळी झालेल्या जोडअहवालात त्या शाळांच्या मुख्याध्यापकांनीच सांगितलं होतं की मुलांना अभ्यासात गुंतवून ठेवणं ही त्यांची सगळ्यात मोठी अडचण आहे.

“म्हणजे काय करायचं?” भाचा जरा चिडलाच. “पुन्हा छडी, हजेरी, उभं राहा, वही दाखव? मावशी, धाकाने केलेला अभ्यास धाक गेला की जातो. दहावीचा शेवटचा पेपर झाला की मुलं ‘अपेक्षित’ रद्दीत घालतात. शाळा मुलाच्या मागे उभी राहून त्याला ढकलते, त्यामुळे चालायची इच्छा त्याच्यात तयारच होत नाही.”

त्याने दिलेला दाखला जुना पण पक्का आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्याने ‘सोमा’ नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळाले, काहींना नाही. मग पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात कोण आपणहून कोड्यांशी खेळतं हे त्याने पाहिलं. पैसे मिळालेल्यांचा रस आधीपेक्षा उतरला होता. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर अख्खा सिद्धांत उभारला. माणूस आतून कामाला लागतो तो तीन गरजा भागल्या तर, असं तो सिद्धांत सांगतो. आपलं आपण ठरवायची मोकळीक हवी, आपल्याला हे जमतंय असा अनुभव हवा आणि जवळच्या माणसांशी नातं हवं.

“तीन ना?” मावशीने तिथेच धरलं. “तू पहिलीवरच बोलतोयस. मोकळीक तर तुम्ही भरभरून दिलीत. जमतंय की नाही हे त्याला कोण सांगतं? आणि नातं कोणाशी, त्या पडद्याशी? शिवाय तुम्ही ते बिल्ले, ती नाणी, सलग इतके दिवस आलास म्हणून आकाशात उडणारे कागद, ते काय आहे? तुझ्या डेसीने ज्याला घातक म्हटलं तेच तुम्ही रंगवून देताय.”

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. सलग हजेरीचा आकडा एक दिवस तुटला की मूल हिरमुसतं आणि आठवडाभर ॲप उघडतच नाही, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. इथे मावशीचं पारडं निःसंशय जड आहे. स्वयंप्रेरणेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी साधनांत बाहेरून दिलेल्या आमिषांचीच रेलचेल असते. मुलाला अभ्यासाची गोडी लागली की ॲपची, हे त्यांतून वेगळं काढता येत नाही.

पण मावशीने मग जे सांगितलं ते तिच्या बाजूच्या लोकांनीही ऐकायला हवं. ती दर चाचणीच्या आधी मुलांना उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘मला किती पडतील’ हा अंदाज लिहायला लावायची. तपासलेले पेपर हातात आले की मुलांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी वहीत उतरवायचे. “हुशार मुलांचा अंदाज चुकला तरी जवळपास असायचा. गोची व्हायची ती मधल्यांची. वीसपैकी सोळा लिहायची आणि सात पडायचे. ती आळशी नव्हती रे. रात्री जागून सोडवलेली उदाहरणं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलेली असायची. वाचताना सगळं समजतं. वही मिटून सोडवायला घेतलं की हात थांबतो.”

नेमकी हीच गोष्ट हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवली. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं आणि आठवून लिहिणारे पुढे गेले. आता ऑनलाइन लेक्चरचा विचार करा. शिकवणारा उत्तम, आकृती हलती, वेग दीडपट. सगळं सरसर कळत जातं आणि मुलाला प्रामाणिकपणे वाटतं की धडा झाला. वर्गात बाईंनी अचानक ‘तू सांग’ म्हटलं की हा भ्रम तिथल्या तिथे फुटायचा. घरी तो फोडणारं कोणीच नसतं. तो थेट परीक्षेत फुटतो.

म्हणून या प्रश्नाला नुसत्या ‘मनावर घेण्या’चा प्रश्न समजणं चूक आहे, असं मावशीचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले बॅरी झिमरमन यांनी आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केला. स्वतःचा अभ्यास स्वतः चालवण्याचे तीन टप्पे त्यांनी मांडले. आधी काय, कधी, कसं करायचं ते ठरवणं. करत असताना स्वतःवर लक्ष ठेवणं. आणि झाल्यावर काय जमलं, काय नाही, का नाही याचा हिशेब करून पुढचं ठरवणं. हे टप्पे पुन्हा पुन्हा फिरत राहतात. शाळेत यांतलं बहुतेक काम शाळाच करून टाकते. वेळापत्रक ती ठरवते, लक्ष ती ठेवते, चुकांवर लाल रेघ ती ओढते. दहावीपर्यंतच्या दहा वर्षांत मुलाला हे स्वतः करायची वेळ फारशी येतच नाही. आणि २०२० च्या मार्चमध्ये, एका आठवड्यात, हे सगळं काम मुलाच्या अंगावर पडलं.

“हे तू माझ्या बाजूने बोलतेयस,” भाचा म्हणाला. “शाळेने शिकवलंच नाही.”

“नाही शिकवलं. पण म्हणून ते मुलाला आपोआप येतं असं तू धरलंस ना?”

भाचा तरी हटला नाही. काही मुलांना ते आलंच की, असं त्याचं म्हणणं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करणारे असतात, मुंबईच्या रात्रशाळांत दिवसभर कामं करून आलेली मुलं शिकतात. ज्याच्यात धमक आहे तो करतो.

धमक या शब्दाशी मावशीचं जुनं वैर. रात्रशाळेत संध्याकाळी वर्ग भरतो, शिक्षक असतात, शेजारच्या बाकावर तुझ्यासारखाच दमून आलेला सोबती असतो, याची तिने आठवण दिली. बाहेरून बसणाऱ्यांचा निकाल दरवर्षी नियमित मुलांच्या मागे राहतो, हेही सांगितलं. संशोधनही तिच्या बाजूला झुकतं. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला मार्शमेलोचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे: समोरची गोळी लगेच न खाणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये मोठ्या आणि विविध थरांतल्या मुलांची माहिती तपासली गेली तेव्हा हा संबंध मूळ प्रयोगाच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर उरला तोही बहुतांशी विरला.

अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांचं २०१६ मधलं काम आणखी उपयोगाचं आहे, कारण त्यात हायस्कूलचे विद्यार्थीही होते. मोहाशी झगडायला सांगितलेल्या मुलांपेक्षा, मोह नजरेआड करायला सांगितलेल्या मुलांनी आठवडाभरात आपली अभ्यासाची उद्दिष्टं जास्त चांगली गाठली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, अभ्यासाला ग्रंथालयात बसा, अशा साध्या गोष्टी. मनाशी कुस्ती खेळावी लागू नये अशी जागा आधी तयार करायची. ऑनलाइन अभ्यासात मात्र इथेच मोठी पंचाईत होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर वर्गही दुसऱ्या खोलीत जातो.

आणि दुसरी खोली असते कुठे? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण फोन असलेल्या घरांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. २०२३ मध्ये याच ‘असर’ने १४ ते १८ वयोगटाकडे पाहिलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांत ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता; मुलींत १९.८ टक्क्यांकडे. ज्या मुलीला वडील कामावरून आल्यावर फोन मिळतो, आणि तोही भावाचं झाल्यावर, तिच्या स्वयंशिस्तीचं मोजमाप कशाने करायचं? तिची वेळ तिच्या हातात नाही, यंत्र तिच्या हातात नाही. तरी ती रात्री दहाला लेक्चर उघडते. ॲपच्या नोंदीत ती ‘अनियमित’ दिसते.

इथपर्यंत भाचा गप्प होता. मग त्याने हुकमाचा एक्का काढला. “सुगता मित्रा. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत संगणक बसवला. कोणी शिकवलं नाही, मुलं शिकली. आणि हे तुला मी काय सांगायचं, त्यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’चं एक केंद्र तुमच्या फलटणलाच झालं, प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेत.”

“माहितीये मला. पण भिंतीतल्या भोकाशी थांबू नकोस, पुढचं वाच.”

पुढचं म्हणजे कलिकुप्पम. या तमिळभाषक खेड्यातल्या मुलांसमोर मित्रा आणि रितू डांगवाल यांनी संगणकावर रेणवीय जीवशास्त्राचा मजकूर ठेवला, तोही इंग्रजीत. मुलं आपली आपण धडपडली आणि शून्याजवळून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पोहोचली. हे थक्क करणारं आहे आणि भाच्याच्या बाजूचं आहे. पण गाडी तिथे अडली. मग गावातल्याच एका तरुणीला मुलांसोबत बसायला सांगितलं. तिला जीवशास्त्र येत नव्हतं. तिने फक्त कौतुक करायचं होतं, ‘अरे वा, हे काय आहे, मला सांग ना’ असं आजी विचारते तसं विचारायचं होतं. मुलं ५० टक्क्यांपर्यंत गेली, दिल्लीतल्या एका खासगी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीला. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. गट लहान होता, मित्रांच्या प्रयोगांवर टीकाही पुष्कळ झाली. तरी त्यांनी स्वतः पुढे काय केलं ते लक्षात घ्यावं: पडद्यावरून मुलांशी गप्पा मारणाऱ्या, त्यांना प्रोत्साहन देणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभी केली. एकट्याने शिकण्याचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता शेवटी माणूस शोधायला निघाला.

मावशी म्हणाली, “आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून, आणि वर काठावर दोर धरून मामा. कोणी बुडवलं नाही आणि कोणी कायमचा दोर धरून बसलंही नाही. डबा एक दिवस सोडला. तुम्ही डब्याशिवाय ढकललंत, आम्ही शाळेत डबा कधी सोडलाच नाही.”

या वाक्यात दोघांच्याही चुका आल्या. वाद उरला तो डबा कधी सोडायचा याचा, आणि त्यावर त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मावशीचं म्हणणं, आठवीत वेळापत्रक शिक्षकाने करून द्यावं, नववीत दोघांनी मिळून, दहावीत मुलाने. भाच्याला आठवीतच सगळं मुलाच्या हाती हवं होतं. “आठवीत चुकलं तर काय बिघडतं? घटक चाचणीत सात पडतील. दहावीत पहिल्यांदा चुकण्यापेक्षा बरं.” या मुद्द्यावर भाचा बरोबर आहे असं वाटतं. चूक स्वस्त असते त्याच वयात ती करायला मिळाली पाहिजे.

भाच्याच्या क्लाससाठी मात्र दोघांनी मिळून एक पान तयार केलं. रविवारी मुलाने लिहायचं: कोणत्या वारी, किती वाजता, घरात कुठे बसून, कोणता भाग. ‘रोज अभ्यास करीन’ चालणार नाही. यामागे पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांत, कधी आणि कुठे लिहिणार हे आधी ठरवून टाकणाऱ्या दहांतल्या साधारण सात जणांनी तो वेळेत लिहिला. न ठरवणाऱ्यांत साधारण तिघांनी. ती मुलं विद्यापीठातली होती, पण पंधराव्या वर्षी ही युक्ती न चालायचं काही कारण दिसत नाही. शनिवारी पानाच्या दुसऱ्या बाजूला तीन ओळी: काय झालं, काय राहिलं, पुस्तक मिटून किती आठवलं. आणि आठवड्यातून एकदा एका माणसाचा दहा मिनिटांचा फोन. रागावण्यासाठी नाही, ते पान वाचून घेण्यासाठी.

भाच्याने हिशेब केला. एका माणसाकडे किती मुलं द्यायची? तीस दिली तर आठवड्याचे पाच तास नुसत्या फोनवर. त्याचा पगार फीमध्ये घातला तर ज्यांना या फोनची सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं बाहेर राहतील. मावशीने निवृत्त शिक्षकांचं नाव काढलं. त्याला ते टिकाऊ वाटलं नाही. बिल्ले आणि नाणी बनवण्यावर जो खर्च होतो तो इकडे वळवता येईल का, हे वरिष्ठांना विचारून बघतो, असं तो म्हणाला.

“आणि डाउट सोडवायचा लाइव्ह तास संध्याकाळी सहाला असतो,” तो आठवून म्हणाला, “त्या वेळी मुलींच्या हाती फोनच नसतो. साडेआठला घेतो.”

“साडेआठला जेवणं असतात. वाढायचं, आवरायचं, भांडी. ती कोण करतं?”

भाच्याने मोबाइल काढला आणि सहाच्या तासाला सतत गैरहजर असलेल्या मुलींची यादी उघडली. वेळ आता त्यांना फोन करून, त्यांनाच विचारून ठरवायची होती.